सिस्टरआत्याची बिनदुधाची कॉफी

सिस्टरआत्यासमोर ‘बहुतेक’ हा शब्द काढायची सोय नव्हती. दार लावलंस का, असं तिनं विचारलं आणि आपण ‘बहुतेक लावलं’ म्हणालो, की ती हातातलं काम टाकून उभी राहायची. “बहुतेक म्हणजे काय गं? पेशंटला बहुतेक इंजेक्शन दिलं, असं सांगतंय का कोण?” मग आपण निमूटपणे उठायचं, कडी बघून यायचं आणि ‘लावलं’ एवढंच सांगायचं. माझं निम्मं लहानपण कड्या बघण्यात गेलं असेल.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वज्रेश्वरीच्या पलीकडच्या आमच्या गावातून नर्सिंग शिकायला गेलेली पहिली मुलगी. पुढे सगळी नोकरी तिनं सरकारी इस्पितळात केली, तिचे यजमान लवकर गेल्यावर मुलाला, राहुलला, एकटीनं वाढवलं आणि भिवंडीत यंत्रमागांच्या कारखान्यांमागे दुसऱ्या मजल्यावर स्वतःच्या पगारातून दोन खोल्यांचं घर घेतलं. गल्लीतले मागवाले, रिक्षावाले, दूधवाला, सगळे तिला सिस्टर म्हणत, म्हणून आम्हा भाचरांची ती सिस्टरआत्या झाली. खाली दिवसभर मागांची खडखड चालायची. शुक्रवारी माग बंद असले, की हिला दुपारची झोप लागत नसे.

आमच्या भागात कुणाकडेही जा, कडक गोड चहा पुढे येतो. आत्याकडे तिच्यापुरती काळी कॉफी असायची, बिनसाखरेची, बिनदुधाची. ही सवय वॉर्डातली. ज्यांच्या हाताखाली ती शिकली त्या केरळच्या मोठ्या सिस्टरनी तिला रात्रपाळीत कॉफीची गोडी लावली. पण वॉर्डात येणारं दूध पेशंटचं, त्याला आपण हात लावायचा नाही, हा आत्याचा स्वतःचा कायदा. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, घरात पेशंट नाही की वॉर्ड नाही, तरी तिच्या कपात दुधाचा थेंब पडला नाही. पिशवीतलं दूध यायचं ते पाहुण्यांच्या चहासाठी. आम्ही तिच्या कॉफीला काढा म्हणायचो. ती म्हणायची, “काढा तर काढा. चोरीचा न्हाय.”

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आधी तिनं कॉफीचं पाणी गॅसवर ठेवलं आणि गॅलरीत जाऊन बसली. शेजारच्या शबानाभाभींना वास आला तेव्हा पातेलं काळंठिक्कर पडलं होतं. असं कुणाचंही होतं, म्हणून आम्ही सोडून दिलं. पुढच्या वेळी पाणी उतू जाऊन ज्योत विझली आणि गॅस तसाच चालू राहिला. भाभी धावत आल्या, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि मला फोन लावला. “सुजाता, सिस्टर को अकेला मत छोड़ो अब,” एवढंच त्या बोलल्या.

कल्याणहून राहुल आला तो पांढराफटक चेहरा घेऊनच. गॅस आणि तू एका घरात राहायचं नाही, असं त्यानं बजावलं. आत्या शांतपणे म्हणाली, “मग गॅस ने.” तो म्हणत होता, कल्याणला चल, तुझी खोली तयार आहे. ती म्हणत होती, “ह्या घरातली एकेक फरशी माझ्या नाइट ड्युटीची हाय.” दोघंही हट्टी आणि मी मध्ये. शेवटी ठरलं ते असं: सिलिंडर आणि शेगडी जाईल, जेवणाचा डबा शबानाभाभींकडून येईल, पाहुणा आला तर घरातलं दूध नेऊन चहाही त्याच करतील आणि दिवाळीपर्यंत बघायचं. तोवर काही झालं नाही, तर आत्या इथेच राहील. काही वेडंवाकडं झालं, तर मुकाट्यानं कल्याण. कॉफी मात्र ती स्वतःच्या हातानंच करणार, त्यासाठी विजेवरचं मशीन घ्यायचं.

राहुल फोनवरून मागवायला निघाला होता. मी भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामाच्या ऑफिसात नोकरीला आहे. असली खोकी आमच्याकडे छतापर्यंत रचलेली असतात, संध्याकाळपर्यंत घरी येईल, असं मीही म्हटलं. आत्यानं ऐकलं नाही. “खोकं बघून मी कधी औषध दिलं न्हाय.” मग मी तिला बाजारातल्या दुकानात घेऊन गेले. दुकानदार ओळखीचा निघाला, त्याच्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा आत्या त्या वॉर्डात होती. “सिस्टर, मिक्सर ले लो. ये तो इधर कोई पूछता भी नहीं,” असं म्हणत त्यानं वरच्या फळीवरून धूळ झटकत तीन खोकी उतरवली.

पहिल्या मशीनला घड्याळ होतं, बटणांची रांग होती. आत्यानं ते लगेच बाजूला सारलं. “ह्याचं लक्षात ठेवण्यातच माझा दिवस जाईल.” दुसरं दिसायला छान होतं. तिनं त्यात पाणी घालून चालवायला लावलं. पाणी वरून ठिबकलं, काचेच्या भांड्यात उतरलं, आणि भांड्याखालची प्लेट मात्र तापलेलीच राहिली. आत्यानं प्लेटवर हात धरला. “ये बंद कौन करेगा?”

“आप करोगे ना, सिस्टर।”

“और मैं भूल गई तो?”

घरात इतकी भांडणं झाली, पण हे वाक्य तिनं आमच्यापैकी कुणासमोर काढलं नव्हतं. परक्या माणसासमोर, परक्या भाषेत काढलं. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उगाच पंख्यांच्या किमती बघत राहिले.

तिसरं मशीन साधं होतं, एकच बटण आणि एक लाल दिवा. पाणी किती आहे ते बाहेरून दिसायचं, भांडं मध्येच काढलं तर ठिबक थांबायची, आणि काही वेळानं प्लेट आपोआप बंद व्हायची. दुकानदारानं हे सांगितलं, तरी तिनं ते मानलं नाही. स्टुलावर बसून राहिली. गिऱ्हाइकं येत होती, जात होती आणि ही लाल दिव्याकडे बघत बसली होती. दिवा विझला तेव्हा तिनं प्लेटला बोट लावून बघितलं, पुन्हा थोडं थांबून बघितलं, काचेचं भांडं फुटलं तर सुटं मिळेल का ते विचारलं आणि मगच पर्स उघडली.

घरी आल्यावर आधी नुसतं पाणी चालवून तिनं ते मोरीत ओतलं. पहिल्या दिवशी मी आणलेली पूड इतकी बारीक निघाली, की गाळणीतून पाणी उतरेना आणि सगळा चिखल काठावरून सांडला. मग मी ठाण्याहून जाडसर दळलेली पूड आणून दिली. गाळायचा कागद शिवणीवर दुमडायचा, गाळणीत नीट बसवायचा, गरम पाण्यानं ओला करायचा, मग पूड, मग झाकण. कॉफी उतरली की लगेच प्यायची, प्लेटवर ठेवून कडू करायची नाही. वापरलेला कागद पुडीसकट कुंडीत. ती हे असं करायची की बघत राहावं. मी म्हटलं, आत्या, एक दिवस कागद नाही ओला केला तर काय होईल? ती म्हणाली, “एक दिवस तू पगार न्हाय घेतलास तर काय होईल?”

रोज सकाळी कामाला निघण्याआधी मी तिला फोन करायची. ती फोन मशीनजवळ धरायची आणि शेवटचं पाणी वर चढतानाची गुरगुर मला ऐकवायची. ती ऐकू आली की माझा जीव भांड्यात पडायचा. रिंग जरा जास्त वाजली, तर डोळ्यासमोर नको नको ते यायचं. काल्हेरच्या माझ्या घरातून तिच्याकडे पोचायचं म्हणजे मध्ये कंटेनरच्या रांगा. काही झालं तर वेळेवर जाता येणार नाही, हे मला रोज दिसत होतं. नवरा चिडवायचा, लोक देवाचं नाव घेऊन घर सोडतात, तू मशीन ऐकून सोडतेस. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे.

एकदा तिची पूड घालायचीच राहून गेली आणि कपात नुसतं गरम पाणी आलं. हे तिनं आपणहून सांगितलं. “हे धरायचं का गं?” मी म्हटलं, मुळीच नाही, पाण्यानं काही घर जळत नाही. ती हसली, पण जरा उशिरा हसली.

दिवाळी जवळ आली. दिवाळीच्या आधीच्या रविवारी राहुल येऊन गेला, भाभींच्या डब्यातलं जेवला, आईशी गोड बोलून परतला. सोमवारी सकाळी मी फोन केला, तर गुरगुर नव्हती. आत्यानं फोन उचलला आणि म्हणाली, “तू ये.”

“काय झालं?”

“फोनवर न्हाय. ये.”

अर्धी रजा टाकून मी निघाले. अंजूरफाट्यावर रिक्षा अडकली तेव्हा मी रिक्षावाल्यावर इतकी ओरडले, की त्यानं मागे वळून बघितलं. दार उघडंच होतं. आत्या खुर्चीवर सरळ बसली होती आणि समोर मशीनचं झाकण उघडं होतं. आंबूस वास खोलीभर पसरला होता. मी वाकून बघितलं, तर पाण्याच्या टाकीत दूध होतं, नासलेलं, कडेला चिकटलेलं. खाली नळीच्या तोंडाशी तपकिरी थर धरला होता.

“मी घातलं,” आत्या म्हणाली.

“कधी?”

“आठवत न्हाय.”

मी म्हटलं, तू जन्मात कॉफीत दूध घेतलं नाहीस, तू कशाला घालशील? ती म्हणाली, “म्हणूनच. डोकं फिरलेला माणूस नेमकं तेच करतो. मी पेशंट बघितलेत.” तिचा आवाज स्थिर होता, पण मांडीवरचे हात एकमेकांना घट्ट धरून होते. इतकी घाबरलेली मी तिला कधी बघितली नव्हती. मी पदर खोचला. म्हटलं, लिंबाच्या पाण्यानं दोनदा चालवते, लख्ख होईल, राहुलला कळायची गरज नाही. दिवाळी तोंडावर आली आहे.

“सुजाता,” ती म्हणाली, “वॉर्डात चूक झाली तर झाकायची न्हाय. झाकली की माणूस मरतो.” आणि माझ्यादेखत तिनं राहुलला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

“आई,” राहुल म्हणाला, “ते दूध मी घातलं.”

आदल्या दुपारी आई झोपली असताना त्याला कॉफी प्यावीशी वाटली. मशीन त्यानं कधी चालवलं नव्हतं. कॉफी म्हणजे दुधाची, एवढंच त्याला ठाऊक; म्हणून पाण्याच्या जागी पिशवीतलं उरलेलं दूध ओतलं आणि बटण दाबलं. अर्धा कप कसाबसा उतरला, तो प्यायला, गाळणी धुऊन ठेवली आणि टाकीत काही उरलं असेल हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. “सॉरी आई. मला वाटलं तसंच करतात.”

मी हसायला लागले ते मला आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. दाराशी आलेल्या शबानाभाभींना मी सांगितलं, तशा त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. परीक्षा घ्यायला आलेलाच नापास झाला होता आणि आत्या सुटली होती.

आत्या हसली नाही. “राहुल,” ती फोनवर म्हणाली, “तू मला न्यायला ये.”

“अगं पण तू काही केलंच नाहीस!”

“न्हाय केलं. पण मी सकाळपासून इथं बसलेय, आणि मला छातीवर हात ठेवून सांगता येईना की मी केलं न्हाय. मला माझीच खात्री न्हाय, बाळा. मग ह्या घरात कुणाच्या भरवशावर राहू?”

मी भांडले. भाभी भांडल्या. जो इतके दिवस तिला नेण्यासाठी झटत होता, तो राहुल संध्याकाळी येऊन तिच्यासमोर बसला आणि राहा म्हणून विनवू लागला. दिवाळीपर्यंत तरी थांब, ठरलं होतं ना, असं म्हणू लागला. मला तिचा भयंकर राग आला होता. जिंकलेला डाव कुणी असा उधळतं का, असं मी तिला तोंडावर म्हणाले. तिनं मशीन लिंबाच्या पाण्यानं स्वच्छ केलं, पुसलं आणि शबानाभाभींच्या हातात दिलं. कसं वापरायचं ते एकदा करून दाखवलं, मग त्यांच्याकडून करून घेतलं.

आता ती कल्याणला असते. गेल्या महिन्यात मी गेले, तेव्हा तिनं मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारली. राहुलची बायको तिला सकाळी काळी कॉफी करून देते आणि आत्या ती पिते. मी परतताना रिक्षात रडते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. पण तो राग मात्र केव्हाच गेला.

जाण्याच्या दिवशी राहुल दारात उभा राहून पुन्हा एकदा म्हणाला होता, आई, घाई काय आहे, अजून तू बरी आहेस. आत्यानं इस्त्रीची साडी नेसली होती. खिडक्या बंद केल्या, दिवे बंद केले, दार ओढून घेतलं.

“बरी हाय म्हणून तर निघाले,” ती म्हणाली. “आज मी येतेय. नंतर तुला मला न्यावं लागलं असतं.”

आणि आमच्या कुणाच्या हाताची वाट न बघता ती जिना उतरू लागली.