विशीतल्या मला काय पाठवू?

"काकू, मिसरी किती वर्षं लावता?" आळेफाट्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवत विचारलं.

"लग्न झाल्यापासनं. तीस वर्षं व्हत आली."

"स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आहे." म्हणजे तोंडाच्या आतल्या त्वचेचा कॅन्सर. मला रडू आलं नाही. गावी डिंगोऱ्याला शेतात घेवडा तोडायचा राहिलाय, एवढंच डोक्यात आलं.

डाव्या गालात वर्षभर पांढरा चट्टा होता. तिखट झोंबायचं. मिसरी, म्हणजे तव्यावर भाजलेली, बोटाने दातांना लावायची तंबाखू, दाबली की झोंबणं थांबायचं, म्हणून मी जास्तच दाबायची. केवढी हुशारी! बायांनो, तोंडातली जखम पंधरा दिवसांत भरली नाही तर असलं घरचं औषध करू नका, दाखवून या.

पुण्याला ऑपरेशन झालं. गालाचा तुकडा काढून तिथे मांडीची कातडी लावली. तो गाल अजून बधिर आहे. मीही तशीच होते. भेटायला आलेलं माणूस रडायला लागलं की मी बघत बसायची, जणू दुसऱ्याच कुणाला बघायला आलंय.

डॉक्टर म्हणाले, "पुन्हा मिसरीला हात लावलात तर हे परत येऊ शकतं." तेव्हा मात्र भीती वाटली. मला माझं बोट माहीत होतं, ते आपोआप मिसरीकडे जायचं.

मग रेडिएशन, म्हणजे मशिनमधून किरणं देतात ते. सहा आठवडे रोज रांग. एकदा तिथल्या समुपदेशक बाईंनी आम्हाला कागद वाटले. विशीतल्या स्वतःला एक छोटी भेट पाठवायची झाली तर काय पाठवाल?

शेजारी जुन्नरच्या शबानाभाभी होत्या. त्यांचाही गाल शिवलेला. त्यांनी टूथपेस्ट लिहिली. मी ब्रश लिहिला आणि खोडला. विशीतली मी ब्रश करून परत मिसरी लावायला बसलीच असती. सासरी दिवसभर बूड टेकायला मिळायचं नाही. गोठा, पाणी, भाकऱ्या. फक्त मिसरीचं बोट तोंडात असलं की कुणी काम सांगायचं नाही. सासूबाईसुद्धा नाही, त्याही शेजारीच लावत बसलेल्या असायच्या. त्या पाव तासासाठी मी तीस वर्षं तंबाखू भाजली.

मी लिहिलं, "कपबशी. चहा बसून पी."

भाभींनी वाचलं. "आमालाबी तेच पायजे व्हतं," म्हणाल्या आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून राहिल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला माझी कीव आली. रागही आला, लई राग.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी दुपारी तल्लफ आली. बोट हिरडीपर्यंत गेलं होतं. ते काढलं आणि दारातल्या ओट्यावर जाऊन बसले. तोंड रिकामं, हात रिकामे.

सून सारिका धावत आली. "आत्या, काय व्हतंय का?"

"काय न्हाई. नुसती बसलेय."

ती तशीच उभी राहिली.

"तूबी बस," मी म्हटलं.

तिने एकदा आत पडलेल्या भांड्यांकडे पाहिलं, एकदा माझ्या हातांकडे, आणि बसली.