ते पत्र मीच लिहिलं

कोचना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते डब्लिनच्या ओंगार भागातल्या एका हॉलमध्ये जमिनीवर बसून माझ्या स्केट्सच्या नाड्या आवळत होते. त्यांचं वय त्र्याऐंशी. मी एकेचाळीसची, नागपूरची, सँट्रीतल्या ऑफिसात सॉफ्टवेअर तपासणारी बाई. बर्फ म्हणजे मला फ्रीजमधला माहीत. ऑफिसातल्या एकीने "मोठ्या माणसांसाठी नवशिक्यांचा आइस हॉकी क्लब आहे, नुसती बघायला चल" म्हणून ओढून नेलं होतं. ती दोनदा येऊन गळाली. मी राहिले.

डब्लिनमध्ये बर्फाचं कायमचं मैदान नाही. म्हणून बुधवारी हॉलच्या फरशीवर चाकांचे स्केट्स घालून सराव, आणि महिन्यातून दोन रविवार सकाळी सीमेपलीकडे, उत्तर आयर्लंडात, खऱ्या बर्फावर. गाडीने जवळपास दोन तास. कोच ल्युकनला राहायचे, मी शेजारीच ॲडम्सटाउनला. माझ्याकडे लायसन होतं, पण मोटरवेची धास्ती होती. त्यामुळे कोच मला घरून घ्यायचे आणि मी त्यांच्या शेजारी बसून त्यांची सगळी कारकीर्द ऐकायची.

जन्म कॅनडातल्या खाणीच्या गावात. परसात पाणी ओतून केलेल्या बर्फावर खेळायला शिकले. एकोणिसाव्या वर्षी व्यावसायिक डिफेन्समन झाले, म्हणजे आपल्या गोलसमोर उभं राहून समोरच्याला अडवणारा गडी. तेव्हा डोक्यावर हेल्मेट नसे. पुढचे चार दात पहिल्याच हिवाळ्यात गेले. आठ वर्षं छोट्या लीगमध्ये, बसमध्ये झोपून गावोगाव. वरच्या लीगमधून बोलावणं एकदाच आलं. अकरा सामने खेळले, बाराव्याच्या आधी गुडघा गेला. मग खेळाडू आणि कोच अशा दुहेरी कामावर समुद्र ओलांडून इंग्लंडला आले, तिथे एका आयरिश नर्सशी लग्न केलं आणि तिच्या मागे डब्लिनला. दिवसा लाकडाच्या वखारीत नोकरी, संध्याकाळी शिकवणं. इथली बर्फाची मैदानं एकेक करून बंद पडली, तसे ते शाळांच्या हॉलमध्ये शिकवू लागले.

"गोल करणाऱ्याचं नाव पेपरात येतं," ते म्हणायचे. "डिफेन्समनचं नाव आलं तर समजायचं, काहीतरी चुकलंय."

वर्षभराने त्यांनी मला डिफेन्सच्या पहिल्या जोडीत घातलं. मी काही चांगली स्केटर नव्हते. अजूनही मागे जाताना माझी कंबर अवघडते. पण ते म्हणाले, "तू पकच्या मागे धावत नाहीस. तू बघतेस." पक म्हणजे ती रबराची काळी चकती. शाळेत खेळाच्या तासाला वह्या तपासायला बसणारी मी. ते वाक्य मी घरी नवऱ्याला तीनदा सांगितलं.

जानेवारीतल्या एका रविवारी जाताना कोचनी आमचा फाटा चुकवला. मग पुढचा. मला वाटलं दुसरा रस्ता असेल. थोड्या वेळाने त्यांनी गाडी कडेला घेतली, हात स्टिअरिंगवरच ठेवले आणि अगदी शांतपणे विचारलं, "आपण कुठे चाललोय?"

मी सांगितलं. ते हसले, म्हणाले, "हो हो, अर्थात." परत येताना एका चौकातल्या वर्तुळाला ते उलटे, उजवीकडून वळू लागले, कॅनडात गाड्या उजव्या बाजूने चालतात तसे. समोरून व्हॅन आली. मी ओरडले. वाचलो.

माझ्या दारात गाडी थांबवून ते म्हणाले, "हे हिला सांगू नकोस. उगाच घाबरेल."

"नाही सांगत," मी म्हणाले.

पुढच्या खेपेपासून "मला मोटरवेचा सराव हवाय" म्हणून मी गाडी चालवायला लागले. त्यांनी किल्ली दिली. सरावात ते मधेच थांबले की मी मोठ्याने म्हणायची, "कोच, आता तिघा-तिघांचा सराव ना?" आणि ते "बरोबर" म्हणायचे. मला ते प्रेम वाटत होतं, आदर वाटत होता. त्यात आणखी एक गोष्ट होती, जी मी तेव्हा स्वतःशीही बोलले नाही. दुसऱ्या कुठल्याही कोचने मला पहिल्या जोडीत ठेवलं नसतं.

असे चार महिने गेले.

मे महिन्यातल्या एका बुधवारी त्यांनी एका बाजूने तिघांना सोडलं, आणि ते निघालेत हे विसरून दुसऱ्या बाजूनेही शिटी मारली. मी पाहत होते. मी बघते ना. पण हाक मारायला मला एक क्षण उशीर झाला. दोघं समोरासमोर आदळले. आमच्यातली एक शिक्षिका खाली पडली ती उठलीच नाही. तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत कोच तिच्या शेजारी बसून विचारत राहिले, "कोणी सोडलं यांना? कोणी?"

त्याच आठवड्यात मी क्लबच्या समितीला ईमेल लिहिलं. जानेवारीपासूनचं सगळं, तारखांसकट. मी टेस्टर आहे, दोष नोंदवणं हे माझं काम, आणि ते पत्र तसंच उतरलं. शेवटी लिहिलं, "कृपया माझं नाव गुप्त ठेवावं." समितीने ठेवलं. कोचना बोलावून, आभार मानून, शिकवणं थांबवायला सांगितलं.

दोन दिवसांनी त्यांनी मला फोन करून घरी बोलावलं. बैठकीच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसले होते.

"कोणीतरी लिहिलंय," ते म्हणाले. "आतल्याच कोणीतरी. माझ्या तोंडावर सांगितलं असतं तर मी स्वतः बाजूला झालो असतो. कोण असेल?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला.

उन्हाळ्यात त्यांच्या पत्नीचा फोन आला. क्लब निरोपाचा छोटा कार्यक्रम करणार होता आणि कोचच्या कारकिर्दीवर दोन पानं लिहायची होती. "तुझ्याइतकं त्यांनी कोणालाच सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तू लिही ना." मी शनिवारी गेले. कोच मागच्या बागेत होते. त्या स्वयंपाकघरात, प्रेसमधून कप काढत होत्या. भिंतीतल्या कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आता मीही म्हणते. टेबलावर जुनी कात्रणं होती, त्यांत एका फोटोत फुटलेल्या ओठाने हसणारा तरुण मुलगा. मला गप्प बसवेना.

"ते पत्र मीच लिहिलं," मी म्हणाले. आणि मग जानेवारीपासूनचं सगळं सांगितलं.

मला वाटलं होतं, त्या पत्राबद्दल रागावतील. पत्राबद्दल त्या बोलल्याच नाहीत.

"जानेवारी?" त्या म्हणाल्या. हातातला कप त्यांनी ओट्यावर ठेवला. "मलाही नाताळापासून शंका येत होती. मी एकदा त्यांच्या तोंडावर बोलले, तर ते म्हणाले, 'क्लबात विचार, तिथे सगळं ठीक चाललंय.' आणि खरंच, तिथून कोणाची तक्रार नव्हती. मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलंय. मी चाळीस वर्षं नर्स होते गं. आणि चार महिने मी स्वतःवरच संशय घेत बसले."

मी सॉरी म्हणाले. त्यांनी "ग्रँड, ग्रँड", म्हणजे ठीक आहे, म्हटलं, इथे लोक काहीही झालं तरी म्हणतात तसं, आणि चहा ओतला. पण माझ्याकडे पाहिलं नाही.

कोचनाही त्याच दिवशी सांगितलं, बागेत, त्यांच्या समोर उभी राहून. त्यांचा चेहरा लाल झाला. "गाडीत माझ्या शेजारी बसायचीस," ते म्हणाले. "दोन तास जायला, दोन तास यायला. एकदाही तोंड उघडता आलं नाही?" मग आत निघून गेले. निरोपाच्या दिवशी माझी दोन पानं कोणीतरी वाचून दाखवली. ते सगळ्यांशी हात मिळवत आले आणि माझ्यापाशी न थांबता पुढे गेले. ते मला योग्यच वाटलं. बरंही वाटलं, खरं सांगायचं तर.

ऑक्टोबरात मी पुन्हा गेले. त्यांनी हसून माझं स्वागत केलं, गुडघ्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "क्लबातल्या कोणीतरी माझ्याविरुद्ध लिहिलं. तुला माहितीये कोणी?"

मी सांगितलं. तोच लाल चेहरा, तेच शब्द, तसंच उठून जाणं. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. त्या वेळी ते रागावले नाहीत, रडले. अकरा सामने खेळलेला, चार दात गेले तरी मैदान न सोडलेला माणूस माझ्यासमोर तोंड झाकून रडत होता.

त्यांच्या पत्नी मला दारापर्यंत सोडायला आल्या. कोट हातात देत म्हणाल्या, "आता पुरे कर. तुला हलकं वाटावं म्हणून दर वेळी त्यांनी का सोसायचं?"

नोव्हेंबरात त्यांनी पुन्हा विचारलं. "कोणी लिहिलं असेल?"

"मला माहीत नाही, कोच," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहत बसले. त्यांच्या पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि मला आत बोलावून बटाटे सोलायला दिले. मी ते सगळे सोलले.