मामांचं विमानाचं गणित

विमानात पाऊलही न ठेवता विमानाची एवढी वकिली करणारा माणूस अख्ख्या ग्वाल्हेर संस्थानात दुसरा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. हे आमच्या सौ.चे मामा. दरबारच्या कचेरीतून निवृत्त झालेले. दिल्लीला विमान जाऊ लागलं आणि कंपू मोहल्ल्यातल्या त्यांच्या घराच्या ओट्यावर त्यांचं प्रवचन सुरू झालं. "रेल्वे स्वस्त? अहो जावईबापू, फक्त तिकीट स्वस्त! मुरैन्याला मेहुणा डबा घेऊन उभा, आग्र्याला व्याही, मथुरेला साडू. डबा रिकामा परत करता येतो का? शिवाय पोरांच्या हातावर रुपया. विमानाला मधे स्टेशन नाही, म्हणजे नातेवाईक नाहीत!" याच हिशेबाने त्यांनी झाशीलाही विमानच परवडतं असं सिद्ध केलं होतं. तिकडे विमान जात नाही, ही किरकोळ बाब. मामी आतून म्हणायच्या, "आधी बसून तर दाखवा!"

एका सकाळी दिल्लीहून तार आली. मामांच्या धाकट्या बहिणीचं संध्याकाळी ऑपरेशन, आणि जगण्याची खात्री नाही. गाडी पोचणार रात्री. मामांनी पेटी उघडून होते नव्हते तेवढे पैसे तिकिटाला घातले आणि मला घेऊन विमानतळ गाठला. सोबत डिंकाचे लाडू, चिवड्याचा डबा, मोरावळ्याची भली मोठी बरणी. बहिणीकडे रिकाम्या हाताने जाणारा भाऊ त्यांच्या घराण्यात झालाच नव्हता. तिथे माणसासकट सगळं काट्यावर चढवतात. तिथला बाबू हसत म्हणाला, "पंडितजी, सामान जादा है. पैसे भरिए, या छोड़िए."

बहिणीच्या खाऊचं वजन मामांच्या गणितात नव्हतंच. ते काट्यावरून उतरले आणि गंभीरपणे म्हणाले, "हमको रख लो, लाडू भेज दो." बाबूसुद्धा हसायचा थांबला. तिकडे विमानाचे पंखे फिरू लागले होते. मामांनी एकेक जिन्नस माझ्या हातात दिला आणि डोक्यावरची पगडी धरून ते चालू लागले. मागे वळून पाहिलं नाही.

पुढचं त्यांनीच मला कधीतरी हळूच सांगितलं. इस्पितळात बहिणीच्या खोलीच्या दारात ते हात पाठीमागे लपवून उभे राहिले. बहिणीने ओळखलं. म्हणाली, "दादा, काही आणलं नाहीस? बरं झालं. दोन्ही हात दे इकडे." ऑपरेशनला आत नेईपर्यंत तिने ते सोडले नाहीत.

ती बरी झाली. मामांनी मात्र भाड्याची तुलना कायमची सोडली. आम्ही मुद्दाम खोड काढायचो, "मामा, झाशीला काय परवडेल?" ते नुसते हसायचे. त्यांचं ते हसणं पाहून आम्हीच मग विषय बदलायचो.