अविनाश ॲश्टन आणि आडिवऱ्याची पाटी

अविनाश गेल्याचं मला मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. "विंडसरचे श्री. अविनाश ॲश्टन यांचं दुःखद निधन." सख्खा धाकटा भाऊ माझा, आणि रडू येण्याआधी मला राग आला, तो त्या ॲश्टनचा. महिना उलटून गेला, राग आहे तिथेच आहे.

आम्ही आडिवरेकर. अव्या कॅनडात, विंडसरच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागला आणि तिथल्या साहेबांची जीभ अडखळते म्हणून याने आडनावच बदललं. अप्लाय केलं, कागद आले, झाला ॲश्टन. वर पार्टीत ज्याला त्याला सांगत सुटायचा, "जुनं इंग्लिश नाव आहे. ॲशच्या झाडांपाशी वसलेलं गाव, ते ॲश्टन. तिथून निघालेले लोक पुढे तेच आडनाव लावायला लागले. आता तर पोरांची पहिली नावंही ठेवतात." अरे शहाण्या, मग आपलं काय वेगळं होतं? आडिवऱ्याचा तो आडिवरेकर. स्वतःचं गाव टाकून दुसऱ्याच्या गावात मिरवायला निघाला.

बाबा विंडसरला आले, तेव्हा हौसेने पितळी पाटी घडवून घेऊन आले होते... 'आडिवरेकर'. अव्याने त्यांनाही तेच पुराण ऐकवलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या गावात आपलं कोण आहे रे?" पाटी बेसमेंटमध्ये गेली. बाबा पुन्हा कॅनडात आले नाहीत आणि मी त्याच्याशी बोलणं टाकलं. शेवटच्या फोनवर म्हणाला होता, "ताई, नावाने पोट भरतं का?" म्हटलं, "मग बदललंस कशाला?"

अंत्यविधीला गुरुजींनी नाव-गोत्र विचारलं. भाचा म्हणाला, "अविनाश ॲश्टन." गोत्राशी अडला. "आय डोन्ट नो, आत्या." गोत्र मी सांगितलं.

निघताना लीनाने, त्याच्या बायकोने, पाटी माझ्या हातात ठेवली. "ताई, तुम्हीच लावा दाराला."

कुठल्या दाराला? कॅनडातच, कनाटा उपनगरातल्या माझ्या दारावर नवऱ्याचं आडनाव आहे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा ते ताट अव्यानेच धरलं होतं. सगळे हसत होते, मीही हसले. पाटी आता स्वयंपाकघरातल्या खणात पडून आहे. चमचा काढताना हाताला लागते आणि त्याची आठवण येते, रागासकट.

अव्या, मला कुणी विचारलं असतं ना, तर मी आडिवरेकरच राहिले असते. तुला तर ते न मागता मिळालं होतं.