शंभरात तीन

मंगळवेढ्याकडच्या बिरप्पांनी जन्मभर मेंढरं राखली. त्यांची लेक वैष्णवी सोलापुरात कॉलेजात शिकवते आणि दुर्बिणीतून काढलेल्या फोटोंत पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह शोधते. एकदा ती फोनवर म्हणाली, एक नवा दगड सापडलाय. सात वर्षांनी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता शंभरात एक आहे. बिरप्पांनी ते गावभर केलं.

पंधरा दिवसांनी ती म्हणाली, "आप्पा, आता शंभरात तीन."

"म्हंजी दगड हिकडं वळला?"

"नाही, तो त्याच्या वाटेनंच चाललाय. ती वाट आम्हाला आता जास्त नेमकी कळतेय."

जास्त कळल्यावर धोका वाढतो कसा, हे बिरप्पांना उमगेना. आणखी पंधरा दिवसांनी धोका शून्यावर आला, तेव्हा तर ते चिडलेच.

वैष्णवीनं समजावलं, "मेंढरू हरवलं की तुम्ही दहा शिवारं धुंडाळता. सहा रिकामी निघाली की विहिरीकडच्या शिवाराची धास्ती वाढते. मग ते भलतीकडंच सापडतं. पण ते पहिल्यापासून तिथंच असतं की."

"व्हय, ह्ये पटलं," बिरप्पा म्हणाले.

संध्याकाळी दूध डेअरीपाशी त्यांनी ही बातमी दिली. शेजारच्या जोतिरामनं विचारलं, "संकट कशानं टळलं?"

"टळलं न्हाय. ते येतच नव्हतं."

"मग महिनाभर आमाला घाबरवलं कशापायी?"

"तवा कुटं ठावं होतं?" बिरप्पा म्हणाले. पण महिनाभर वाटलेलं ते भ्या खरं म्हणायचं की खोटं, हे त्यांचं त्यांनाच कळेना.