आलूवरचा सर्वात मोठा खड्डा

मंगळाचा एक चंद्र एका रविवारी आमच्या घरी आलूचा झाला. मुलीला शाळेत त्याची प्रतिकृती न्यायची होती. फोटो पाहून सासूबाईंनी टोपलीतला सर्वात बेढब आलू काढून दिला आणि मी चमच्यानं खड्डे पाडले. मग टूथपिकला कागदाच्या झेंड्या लावून खड्ड्यांना नावं द्यायचं ठरलं, आणि तिथेच आमचं बूढापारा मोहल्ल्यातलं शांत घर पेटलं.

नियम मी वाचून ठेवले होते. अशी नावं एक जागतिक समिती मंजूर करते. एकेका चंद्राला विषय ठरलेला असतो, आणि जिवंत माणसाचं नाव चालत नाही. सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले. कुठलंही उद्घाटन आपल्याविना होऊ नये, असं त्यांना मनापासून वाटतं.

"मोठ्या खड्ड्याले माहं नाव द्या," ते म्हणाले.

"आबा, उसके लिए मरना पड़ता है," मुलगी म्हणाली.

"मंग लहान खड्डा द्या."

खऱ्या चंद्रावरचा मोठा खड्डा मात्र केव्हाच देऊन झालाय. हा चंद्र शोधणारा खगोलशास्त्रज्ञ कंटाळून शोध सोडायच्या बेतात होता. बायकोनं त्याला पुन्हा दुर्बिणीकडे पिटाळलं. त्या खड्ड्याला तिचं नाव आहे, तेही माहेरचं. हे मी जरा चढ्या आवाजातच वाचलं. माझ्या लग्नात नाव बदलायला तांदळाचं ताट पुढे आलं, तेव्हा मी त्यात अंगठीनं माझंच जुनं नाव लिहिलं होतं. सासऱ्यांना ते अजून टोचतं. मला अजून गुदगुल्या होतात.

सासूबाई कढीला फोडणी देत होत्या. गॅस बंद करून त्या बाहेर आल्या.

"माहेरचं? मंग आपल्या आलूवर माहं लिहा."

"पर आजी, आप तो ज़िंदा हो!"

"आलूवर चालते."

मुलीनं झेंडीवर त्यांचं नाव लिहिलं. त्यांनी ते पाहून मान हलवली.

"हे नाही. हे यायनं ठेवलं, तांदळातलं." त्यांनी सासऱ्यांकडे हनुवटी केली. "माहं पहिलं लिही."

"वो क्या है?" मुलीनं नवी कोरी झेंडी आलूवर टोचत विचारलं.

कोणालाच माहीत नव्हतं. शेजारी बसलेल्या नवऱ्याला स्वतःच्या आईचं माहेरचं नाव ठाऊक नाही याचा मला संताप आला, आणि मग लक्षात आलं की मलाही नाही.

सासूबाई सांगेनात. "यायले इचारा. लग्नाच्या पत्रिकेवर छापलं होतं."

सासऱ्यांनी चष्मा पुसला, पेपरची घडी केली आणि 'तलावावर फिरून येतो' म्हणत चपला घातल्या. कोरी झेंडी आलूवर तशीच राहिली. सासूबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन पळी उगाच जोरात आपटली; मी त्यांच्या मागोमाग आत गेले. मला फार वाईट वाटलं, आणि सासऱ्यांचा रागही आला.

फाटकाची कडी वाजली. मग सासऱ्यांची हाक आली. जन्मभर 'ऐकलं काय' एवढ्यावर भागवलेल्या माणसानं एका जुन्या वळणाच्या, गोड नावानं हाक मारली आणि पुढे विचारलं, "भाजी काय आणू?"

पळी थांबली.

"कोणाले हाक मारून राहिले?" सासूबाई आतूनच म्हणाल्या.

सासऱ्यांनी पुन्हा हाक मारली, शेजारच्या गच्चीवर ऐकू जाईल अशी.

सासूबाईंना पहिलीच ऐकू गेली होती. मी त्यांच्या समोरच उभी होते.