जोगदंड सरांनी परत घेतलेला धडा

देशाचा व्याजदर जाहीर व्हायचा असेल त्या दिवशी जोगदंड सर वर्गात शिकवत नसत. नेकनूरजवळच्या आमच्या कॉलेजच्या आवारात एक लिंब होता. त्याखाली खुर्ची टाकून ते मोबाईलवर बातम्या लावून तो कानाशी धरत आणि आम्ही बारावीची मुलं त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसायचो. दर उतरला की त्यांचे डोळे अर्धवट मिटायचे. "आत्ता कुठंतरी कुणीतरी कारखान्याचा नकाशा काढायला बसलं असंल," ते हळूच म्हणत. समोरचे डोंगर उन्हात धूसर झालेले असायचे. त्या धूसरपणात सरांना पूल, गिरण्या, शाळांच्या भिंती वर येताना दिसत असाव्यात, कारण बघता बघता आम्हालाही त्या दिसू लागायच्या.

सर अर्थशास्त्र शिकवत. फळ्यावर एक तिरकी रेघ ओढून सांगत, "कर्ज स्वस्त झालं की माणूस नवं काही उभारतो. देशभरातलं असं सगळं उभारणं एकत्र धरलं की झाली देशाची गुंतवणूक. दर खाली, तर ती वर." वर्षानुवर्षं हीच रेघ, हेच शब्द.

माझ्या वर्गातल्या सखूची आई, राधाबाई, कॉलेजमागच्या माळावर मेंढरं चारायची. एकदा ती आवाराच्या भिंतीला टेकून सरांचं ऐकत राहिली आणि मग शांतपणे म्हणाली, "सर, दर उतरला म्हन्ता. पर दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातंय. परत येऊ तवा हितं काय असंल, ठावं न्हाई. मंग नवं बांधावं कशाला?"

सर म्हणाले, "विचारून सांगतो."

कुणाला विचारणार, ते आम्हाला कळलं नाही. पण पुढच्या रविवारपासून सर एसटीनं गावं हिंडायला लागले. सखू आणि मी एकदा त्यांच्याबरोबर नांदूरघाटला गेलो होतो. ते कुणाच्याही ओट्यावर बसत, पाणी मागत आणि एकच गोष्ट विचारत: काय उभारायचं मनात होतं, आणि का राहिलं? एका बाईला कोंबड्यांची शेड घालायची होती. कर्ज मिळत होतं, पण ती तोडीला गेल्यावर मागं बघणारं कुणी नव्हतं. एकाला पिठाची गिरणी टाकायची होती, पण वीज टिकेल याचा भरवसा वाटत नव्हता. येताना सर खिडकीला डोकं टेकून बाहेरच्या माळाकडं बघत होते. न झालेल्या त्या शेडा, त्या गिरण्या त्यांना तिथं दिसत असतील, असं मला उगीच वाटलं.

वर्ष संपायच्या आत त्यांनी फळ्यावर पुन्हा ती रेघ ओढली आणि तिच्याकडं पाठ करून आमच्यासमोर उभे राहिले. "मी तुम्हाला अर्धंच शिकवलं," ते म्हणाले. "दर कितीबी उतरू द्या. उद्या बरा असंल असं वाटल्याबिगर माणूस वीट ठेवत न्हाई."

एवढ्यावर ते थांबले नाहीत. जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून त्यांनी तो धडा परत घेतला. बँकेत साहेब झालेला एक जण हसून म्हणाला, की सर, माझी परीक्षा होऊन वीस वर्षं झाली. सर म्हणाले, "म्हणून काय झालं? चूक अजून तुझ्याकडंच हाय."

पुढं मी दिल्लीत, देशाच्या गुंतवणुकीचे आकडे जुळवणाऱ्या सरकारी कार्यालयात लागले. गेल्या वर्षी सरांना अर्धांगाचा झटका आल्याचं कळलं आणि भेटायला गेले. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते. शब्द चाचपडत येत होते. मी सांगितलं, दर उतरलाय. पूर्वीसारखे त्यांचे डोळे मिटतील असं वाटलं, पण ते माझ्याकडं बघत राहिले.

"लोकांना... बरं होईल... वाटतंय का?"

मी म्हटलं, "सर, आमच्या तक्त्यात त्याला रकानाच नाही."

त्यांनी चालता हात माझ्या हातावर ठेवला. "मग विचारून ये."

पंधरा दिवसांनी सर गेल्याचा सखूचा फोन आला. त्याच आठवड्यात मी कार्यालयातल्या साहेबांकडे अर्ज दिला, की मला टेबलावरून काढून गावोगाव फिरणाऱ्या पाहणीच्या कामावर पाठवा. साहेबांनी कारण विचारलं. पगार तोच, हाल जास्त, मग कशाला? मी अर्ज त्यांच्यापुढं आणखी थोडा सरकवला. सध्या मी रोज कुणाच्या तरी ओट्यावर असते.